कॅम्पर व्हॅनचा जुना रंग काढताय? किती काढायचा, कशाने काढायचा आणि कुठे थांबायचं

इन्स्टाग्राम उघडलं की हल्ली जुन्या ओम्नीची किंवा ट्रॅव्हलरची कॅम्पर व्हॅन केल्याचं एखादं रील हमखास दिसतं. सुरुवातीला ग्राइंडरच्या ठिणग्या, मग चकचकीत उघडा पत्रा आणि शेवटी नवाकोरा मॅट रंग. रील अर्ध्या मिनिटाचं असतं, त्यामुळे मधलं बरंच काही गाळलेलं असतं. आणि नवा रंग चार-पाच वर्षं टिकणार की पहिल्याच पावसाळ्यात त्याला फोड येणार, हे नेमकं त्या गाळलेल्या भागावर ठरतं.

माझ्याकडे २००९ ची पांढरी ओम्नी आहे. नोव्हेंबरमध्ये चिपळूणला चुलत भावाच्या शेडमध्ये आम्ही तिचा जुना रंग काढला. मदतीला डेंटिंग-पेंटिंगमध्ये आयुष्य घालवलेले एक पेंटर काका होते. या लेखातली उदाहरणं त्याच गाडीची आहेत, पण गाडी ईको असो, ट्रॅव्हलर असो की जुनी मॅटाडोर, पत्र्याचं आणि रंगाचं शास्त्र बदलत नाही.

मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगतो. जुना रंग काढायचा म्हणजे सगळा रंग काढायचा, असं नाही. जो रंग पत्रा सोडतोय तेवढाच मुळापासून काढायचा आणि जो घट्ट बसलाय तो फक्त घासून खरखरीत करायचा. मी ग्राइंडर हातात घेतल्यावर काका पहिलं वाक्य हेच बोलले, "अरे, कंपनीचा रंग कशाला उडवतोयस? तेच तर खरं सोनं आहे."

कंपनीच्या रंगात असं काय असतं?

कारखान्यात गाडीची मोकळी बॉडी, म्हणजे इंजिन, वायरिंग, सीट काहीही बसवायच्या आधीचा नुसता सांगाडा, आधी धुतात आणि त्यावर फॉस्फेटचा पातळ थर देतात. मग तो अख्खा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून वीजप्रवाह सोडतात. विजेमुळे रंगाचे कण पत्र्याकडे ओढले जातात आणि जिथे ब्रश किंवा स्प्रे कधीच पोहोचणार नाही अशा पोकळ्यांमध्येही चिकटतात. याला इलेक्ट्रोकोट किंवा नुसतं ई-कोट म्हणतात. त्यानंतर बॉडी मोठ्या भट्टीत साधारण १६० ते १८० अंशांवर भाजली जाते.

ई-कोटची जाडी साधारण २० मायक्रॉन असते. त्यावर प्रायमर, मग रंग आणि बऱ्याच गाड्यांना सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे प्रिंटरच्या एका साध्या कागदाइतकी किंवा थोडी जास्त. गाडी वर्षानुवर्षं गंजापासून वाचते ती या कागदाएवढ्या पडद्यामुळे.

आता विचार करा, हा ई-कोट आपण शेडमध्ये परत देऊ शकतो का? नाही. तेवढी टाकी नाही, आणि पूर्ण जोडलेली गाडी १८० अंशांच्या भट्टीत घातली तर रबर, वायरिंग, काहीच उरणार नाही. आपण देऊ शकतो ते इपॉक्सी प्रायमर. तो चांगला असतो, पण बंदुकीची फवार जिथे पोहोचते तिथेच तो लागतो. म्हणून घट्ट बसलेला कंपनीचा थर खरवडून त्या जागी शेडमधला थर लावणं हा बहुतेक वेळा तोट्याचाच सौदा असतो.

मग कुठला ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे ओळखायचं कसं?

यासाठी महागडं काही लागत नाही. मोबाइलचा टॉर्च, ब्लेड, चिकटपट्टी, थोडा थिनर आणि पातळ फडक्यात गुंडाळलेलं फ्रिजवरचं एक लोहचुंबक, एवढं पुरतं.

संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवा मारा. समोरून प्रकाश टाकला तर काहीच दिसत नाही. आडव्या प्रकाशात मात्र प्रत्येक फोड, जुन्या पुट्टीची कड, डेंट काढल्याची लाट सावलीसकट उठून दिसते. जिथे काही दिसेल तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि फोटो काढा. आमच्या ओम्नीवर असे २३ तुकडे लागले. दिवसा ती गाडी पाहून कुणीही म्हणालं असतं, रंग तसा ठीकच आहे की.

मग चुंबक फिरवा. चांगल्या पत्र्यावर ते घट्ट ओढलं जातं. जिथे पकड सैल लागते तिथे खाली पुट्टी आहे. पेंटर लोक तिला लांबीही म्हणतात. जिथे अजिबातच चिकटत नाही, तिथे पत्रा उरलाय की नुसता पुट्टीचा डोंगर आहे, ते खरवडूनच पाहावं लागतं.

आता एक इशारा. फोनने रंगाची जाडी मोजता येते असा दावा करणारी ॲप्स सापडतील. त्यांच्या नादी लागू नका. फोनमधला मॅग्नेटोमीटर होकायंत्रासाठी असतो. आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र त्याला कळतं, पण शंभर मायक्रॉनचा फरक त्याच्या आवाक्यात नाही. जाडी मोजायचं खरं यंत्र चुंबकीय प्रवर्तनावर चालतं आणि सेकंडहँड गाड्या तपासणाऱ्यांकडे ते असतं. तासाभरासाठी मिळालं तर जरूर आणा. ढोबळ हिशेब असा: १५० पर्यंत आकडा आला तर कंपनीचा रंग, २०० ते ३५० म्हणजे वरून पुन्हा रंगवलंय, आणि आकडा ६००-७०० च्या पुढे गेला की खाली पुट्टी आहे असं समजून चाला.

आता चिकटपट्टीची परीक्षा. ही रंगाच्या प्रयोगशाळांमध्येही करतात आणि तिला क्रॉस-कट म्हणतात. नव्या ब्लेडने रंगावर सहा समांतर रेघा ओढा, दोन रेघांत २ मिलिमीटर अंतर ठेवा. मग त्यांना काटकोनात आणखी सहा. बारीक चौकटींची जाळी तयार होते. त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकटी जागच्या जागी राहिल्या तर रंग पत्र्याला धरून आहे. चौकटीच्या चौकटी टेपबरोबर निघाल्या तर त्या पॅनलवरचा रंग तुम्ही ठेवलात तरी राहणार नाही, आणि त्यावर मारलेला नवा रंगही त्याच्याबरोबर जाईल. फोनचा मॅक्रो मोड यासाठी झकास. निघालेल्या तुकड्याची पाठ बघा. पाठ प्रायमरच्या रंगाची असेल तर थरांमधली पकड गेली आहे, तपकिरी गंज असेल तर पत्राच खराब होतोय.

शेवटची परीक्षा थिनरची. फडकं थिनरमध्ये भिजवून रंगावर मिनिटभर धरून ठेवा. कंपनीचा भाजलेला रंग सहसा दाद देत नाही. रंग मऊ होऊन फडक्याला लागायला लागला, तर तो नंतर कुणीतरी मारलेला एनसी किंवा तसाच स्वस्तातला रंग आहे. यावर नवा पीयू रंग थेट मारला तर त्यातला थिनर खालच्या थरात शिरतो आणि रंगाला सुरकुत्या पडतात. पेंटर याला 'रंग उठला' म्हणतात. असा थर काढलाच पाहिजे, मग तो दिसायला कितीही चांगला असो.

आमच्या गाडीचा निकाल असा लागला: छप्पर आणि दोन्ही बाजूंचे वरचे भाग कंपनीचे आणि घट्ट. डावीकडचा सरकता दरवाजा नंतर रंगवलेला, थिनरला विरघळणारा. चाकांच्या कमानी, दरवाजाच्या खालच्या कडा आणि पुढच्या काचेच्या रबराखालचा भाग गंजलेला. म्हणजे पत्र्यापर्यंत जायचं होतं ते गाडीच्या जेमतेम एक तृतीयांश भागात.

आतूनही बघा

कॅम्पर व्हॅनच्या बाबतीत हे विशेष. आत माणसं झोपतात, चहा उकळतो, ओले कपडे वाळत घातले जातात. ती वाफ थंड पत्र्याच्या आतल्या बाजूला पाणी होऊन जमते, आणि त्यावर प्लायवुड किंवा फोम बसवलेला असला की सुकत नाही. गंज आतून सुरू होतो आणि बाहेर फक्त एक छोटा फोड दिसतो. अशा फोडावर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. आरपार गेलं तर तिथे रंगाचं काम नाही, वेल्डिंगचं आहे. म्हणून फर्निचर आधीच बसवलं असेल तर निदान खालच्या कडेची पॅनेल तरी काढा. फर्निचर अजून बसवलं नसेल तर उत्तमच. रंग आधी, लाकूडकाम नंतर.

ओम्नीसारख्या गाड्यांत पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत: छपराच्या कडेची पन्हळ, सरकत्या दरवाजाची खालची पट्टी, चाकांच्या कमानी आणि काचांची रबरं. रबर काढल्याशिवाय त्याखालचा गंज दिसत नाही. त्याला मास्किंग टेप लावून वरून रंग मारणं म्हणजे वर्षभराने तोच गंज परत भेटीला येणार.

काढायचे मार्ग, आणि माझं मत

सँडर: बहुतेकांसाठी हाच मार्ग. मी ऑर्बिटल सँडर म्हणतोय, ग्राइंडर नव्हे. ऑर्बिटल सँडरची चकती गोल फिरता फिरता किंचित हलतही असते, त्यामुळे एकाच जागी खड्डा पडत नाही. पूर्ण काढायच्या जागी ८० नंबरच्या पेपरने सुरुवात, मग १२० किंवा १८०, म्हणजे ८० चे खोल ओरखडे निघतात. रंग ठेवायच्या जागी ८० ला हातही लावू नका. तिथे ३२० पुरे, फक्त चकाकी मरायला हवी.

जिथे उघडा पत्रा संपतो आणि जुना रंग सुरू होतो ती कड उतरती करावी लागते. बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. नीट घासलं की तिथे पत्रा, ई-कोट, प्रायमर, रंग अशी वलयं एकाबाहेर एक दिसतात, अगदी नकाशावरच्या डोंगराच्या समोच्च रेषांसारखी. वलयं रुंद असली की उतार चांगला. वलयं एकमेकांना चिकटलेली असतील तर अजून घासा, नाहीतर नवा रंग वाळल्यावर ती कड वरून दिसणार. गाडीवर आधी किती वेळा रंग चढलाय तेही याच वलयांवरून मोजता येतं. आमच्या सरकत्या दरवाजावर पांढऱ्याखाली एक निळा थर निघाला. तो दरवाजा बहुतेक दुसऱ्याच कुठल्या गाडीचा असावा.

ग्राइंडर: रीलमध्ये दिसतो तो हाच. मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे, आणि समोर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्रा. घर्षणाने पत्रा तापतो, ताणला जातो आणि मधोमध सैल पडतो. मग दाबलं की 'टक' असा डब्यासारखा आवाज येतो. छप्पर आणि मोठे सपाट भाग या बाबतीत फार नाजूक. ग्राइंडर वापरायचाच असेल तर घासायच्या डिस्कऐवजी जाळीदार नायलॉनची स्ट्रिप डिस्क लावा आणि फक्त गंजलेल्या कोपऱ्यांवर, एका जागी न थांबता चालवा. ती रंग आणि गंज खाते, पत्रा फारसा खात नाही.

पेंट रिमूव्हर: हा जेलसारखा असतो. ब्रशने जाड थर लावायचा, वर प्लॅस्टिक अंथरायचं, डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं आणि फुगलेला रंग पत्तीने काढायचा. धूळ नाही, पत्रा तापत नाही, म्हणजे ऐकायला एकदम छान. पण अनेक जोरकस रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं, त्याला डायक्लोरोमिथेनही म्हणतात. त्याची वाफ श्वासातून आत गेली की शरीर तिचं कार्बन मोनॉक्साइड बनवतं, आणि बंद जागेत यामुळे माणसं दगावलेली आहेत. अमेरिकेत सामान्य ग्राहकांना असा रिमूव्हर विकण्यावर २०१९ मध्ये बंदी आली आणि २०२४ मध्ये नियम आणखी कडक झाले. एन-९५ मास्क या वाफेला थांबवत नाही, कारण तो धुळीसाठी असतो. पातळ नायट्राइल हातमोज्यांतून हे द्रव्य काही मिनिटांत आरपार जातं. म्हणून डब्यावर हे नाव दिसलं की तो डबा परत ठेवा. व्हॅनच्या आत, दार लावून, तर कुठलाच रिमूव्हर नको.

मिथिलीन क्लोराइड नसलेले रिमूव्हर मिळतात. ते हळू काम करतात, पण करतात. आम्ही तो फक्त सरकत्या दरवाजाच्या सपाट भागावर वापरला. पत्र्याच्या जोडांत, दुमडलेल्या कडांत आणि फायबर किंवा प्लॅस्टिकच्या बंपरवर तो लावू नका. जोडात शिरलेला रिमूव्हर धुऊन निघत नाही आणि नवा रंग झाल्यावर महिन्याभराने तिथून बाहेर पडायला लागतो.

हीट गन: घराच्या दारं-खिडक्यांसाठी ठीक. व्हॅनमध्ये पत्र्यामागे वायरिंग, फोम आणि खाली पेट्रोलची टाकी असते, त्यामुळे रंगासाठी नकोच. जुने स्टिकर काढायला मात्र साधा हेअर ड्रायर उत्तम.

सँड ब्लास्टिंग: चाकांच्या रिम, ब्रॅकेट असल्या जाड सुट्या भागांसाठी चांगलं. दरवाजा आणि छपराच्या पत्र्यावर वाळूच्या माऱ्याने लाटा येतात. शिवाय नदीची किंवा समुद्राची वाळू उडवली की सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही.

आणि ते लेझरवालं रील?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर. रीलमध्ये एक माणूस बंदुकीसारखं काहीतरी फिरवतो आणि गंज, रंग जादूसारखा नाहीसा होतो. ते खरं आहे, एडिटिंग नाही. बहुतेक यंत्रांत १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा फायबर लेझर असतो. हा प्रकाश अवरक्त आहे, डोळ्यांना दिसत नाही. तो अतिशय कमी वेळाचे, पण तीव्र झटके देतो. रंग आणि गंज ती ऊर्जा पटकन शोषतात, क्षणात तापतात आणि वाफ होऊन उडतात. खालचा पोलादी पत्रा बराचसा प्रकाश परत फेकतो आणि शोषलेली उष्णता भरभर पसरवतो, म्हणून झटके नीट बेतलेले असतील तर तो तसाच राहतो.

'झटके' या शब्दावर सगळं अवलंबून आहे. पल्स लेझर महाग, किंमत लाखांत. स्वस्तात मिळणारी बरीच यंत्रं सलग प्रकाश सोडणारी असतात. ती जाड लोखंडी फाटकावर कमाल करतात, पण गाडीच्या पातळ पत्र्याला तापवून वाकडं करतात. दुसरं म्हणजे रंग 'नाहीसा' होत नाही, त्याचा धूर होतो, आणि तो ओढून घ्यायला वेगळी यंत्रणा लागते. तिसरं, हा चौथ्या वर्गाचा लेझर आहे. चकचकीत पत्र्यावरून उलटलेला किरणही डोळ्याचा पडदा कायमचा जाळू शकतो, आणि दिसत नसल्यामुळे पापणी मिटायलाही वेळ मिळत नाही. साधा गॉगल चालत नाही, त्याच तरंगलांबीचा लागतो. फोनच्या कॅमेऱ्याचा सेन्सरही अशा प्रकाशाने जळतो, तेव्हा जवळून व्हिडिओ काढायला जाऊ नका. एखाद्या वर्कशॉपमध्ये पल्स लेझर आणि तो चालवणारा जाणकार माणूस असेल तर गंजलेल्या अवघड कोपऱ्यांसाठी जरूर विचारा. भाड्याने आणून स्वतः चालवायची ही वस्तू नाही.

धूळ हा खरा धोका

जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांत, शिशाची रंगद्रव्यं वापरली जायची. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आहे, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी. गाड्यांचे आणि औद्योगिक रंग त्या नियमात येत नाहीत. म्हणून जुन्या गाडीच्या रंगात शिसं आहे असं धरूनच काम करा, आणि पिवळी स्कूल बस घेऊन कॅम्पर करणाऱ्यांनी तर नक्कीच. शिसं लहान मुलांच्या मेंदूसाठी सगळ्यात घातक असतं, आणि ते घरात शिरतं आपल्या कपड्यांवरून.

त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क हवा. रुमालाचा उपयोग नाही. सँडरला व्हॅक्यूम जोडता आला तर बहुतेक धूळ उडायच्या आधीच पकडली जाते. रंग ठेवायच्या भागांवर वॉटर पेपरने ओलं घासलं तर धूळ उडतच नाही. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरा, धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने गोळा करा आणि पाण्याने गटारात सोडू नका. कपडे शेडमध्येच बदला आणि घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा.

फोनबद्दलही दोन शब्द. स्पीकरमध्ये चुंबक असतं, त्यामुळे पत्र्याचा बारीक कीस फोनच्या जाळीवर जाऊन बसतो आणि पिनने टोकरून निघत नाही. फोन झिपच्या पारदर्शक पिशवीत ठेवा, फोटो त्यातूनही येतात. आणि थिनरच्या हाताने स्क्रीन पुसू नका, वरचा तेलकटपणा रोखणारा थर जातो.

उघडा पत्रा आणि कोकणातली हवा

पत्रा उघडा पडला की घड्याळ सुरू होतं. दमट हवेत काही तासांत त्यावर नारिंगी झाक येते. म्हणून सकाळी जेवढं उघडं कराल तेवढं संध्याकाळच्या आत प्रायमरखाली गेलं पाहिजे. अख्खी गाडी एकदम उघडी करायची नाही, एकेक पॅनल घ्यायचं. उघड्या पत्र्याला पाणी लावून घासायचं नाही, आणि बोटांचे ठसेही नकोत. घामातलं मीठ पुरेसं असतं.

इथे हवामानाचं ॲप खरंच कामाला येतं. तापमान आणि आर्द्रता सगळेच बघतात. तुम्ही दवबिंदू बघा, इंग्रजीत तो ड्यू पॉइंट नावाने दिसतो. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त असावं, हा रंगकामातला जुना नियम आहे. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २६ येतो, म्हणजे पत्रा किमान २९ हवा. चिपळूणला नोव्हेंबरातही सकाळी शेडमधला पत्रा रात्रीच्या गारव्याने २३-२४ वर असायचा. डोळ्यांना कोरडा दिसायचा, पण त्यावर पाण्याचा न दिसणारा थर बसलेला. आम्ही अकरापर्यंत थांबायचो. हेच काम सोलापूरकडे, तीसच अंशांत पण ४० टक्के आर्द्रतेत असतं तर दवबिंदू १५ च्या आसपास, मग काळजी नाही.

पत्र्याचं तापमान फोन सांगत नाही. त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो, पण चकचकीत पत्र्यावर तो चुकीचा आकडा दाखवतो. वायरिंगची काळी टेप पत्र्यावर चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरा.

गंजाचे जे खड्डे घासून निघत नाहीत त्यांच्यासाठी रस्ट कन्व्हर्टर असतो. त्यातल्या आम्लाचा अंश मागे राहिला तर वरचा इपॉक्सी पकडत नाही, म्हणून डब्यावरच्या सूचनेप्रमाणे धुऊन आणि पूर्ण वाळवूनच पुढे जा. मग ग्रीस काढणारा क्लीनर, दोन स्वच्छ फडकी: एक लावायला, दुसरं ओलं असतानाच पुसून घ्यायला.

यावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर. हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड फाटकांसाठी चांगला आहे, पण त्यावर पीयू रंग मारला की तो बऱ्याचदा उठतो. पुट्टी भरायचीच असेल तर इपॉक्सी वाळल्यावर त्याच्यावर भरा, कारण पुट्टी पाणी शोषते आणि उघड्या पत्र्यावर भरलेल्या पुट्टीखाली गंज गुपचूप वाढतो. प्रायमर ज्या कंपनीचा असेल तिच्या साइटवर 'टेक्निकल डेटा शीट' नावाची पीडीएफ असते, ती डाउनलोड करून ठेवा. किती हार्डनर, किती तासांनी पुढचा थर आणि किती तासांनंतर पुन्हा घासल्याशिवाय थर देऊ नये, हे सगळं त्यात असतं. फोनमध्ये सांभाळून ठेवण्यासारखी या कामातली ही सगळ्यात उपयोगी फाइल.

रंगाचा डबा घ्यायच्या आधी आरसी उघडा. आरसीवर गाडीचा रंग नोंदवलेला असतो आणि तो बदलायचा तर आरटीओकडे अर्ज करून नोंद बदलून घ्यावी लागते. गाडीची कॅम्पर करण्याची परवानगी हा वेगळाच विषय, तो रंगाच्या अर्जात निकाली निघत नाही. आणि रीलमध्ये सगळ्यात भारी दिसणारा तो लष्करी ऑलिव्ह ग्रीन? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवतो, खासगी गाडीला चालत नाही. आमच्या भावाच्या मनात तोच होता. ओम्नी शेवटी पांढरीच राहिली, फक्त खालचा पट्टा राखाडी केला, आणि त्या पट्ट्याचं काय करायचं हे आरटीओत आधी विचारून घेतलं.